बंद खाणीवरील डंप सावरताना: गोव्याच्या लोहखनिज पट्ट्यासाठी धूपनियंत्रणाचे क्रमवार काम

गोव्यातील लोहखनिजाचा पट्टा पेडण्यातील नायबागपासून सांग्यातील साळजिणीपर्यंत सुमारे ९५ किलोमीटर पसरलेला आहे. या पट्ट्यात एक टन खनिज हाती येण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती, चिकणमाती आणि निकृष्ट दगड बाजूला काढावा लागला. तो डोंगरउतारावर, ओहोळांच्या काठाशी आणि कित्येक ठिकाणी थेट शेतांच्या डोक्यावर रचला गेला. हेच ते डंप. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लिजांचे (खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचे) नूतनीकरण रद्द केले. पुढे लिलाव होऊन काही खाणी पुन्हा सुरू झाल्या, मात्र असंख्य जुने डंप जागच्या जागी उभे आहेत आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यांच्यावर कोसळत असतो. त्या पावसाबरोबर उतरणारा लाल गाळ ओहोळातून शेतात, शेतातून नदीत आणि शेवटी मांडवी व जुवारीच्या खाडीत जातो.

डंप सावरण्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी पहिला कार्यक्रम वृक्षारोपणाचा ठरतो. हा क्रमच चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डंपवर आधी पाण्याची वाट ठरवावी लागते, मग उताराला आकार द्यावा लागतो, त्यानंतर उतार गवताने झाकावा लागतो आणि झाडाची पाळी सर्वांत शेवटी येते. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे. ग्रामपंचायती, कोमुनिदाद (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या गोव्यातील जुन्या संस्था), शेतकऱ्यांचे गट आणि त्यांच्यासाठी काम करणारे कंत्राटदार व अभियंते यांना ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

पहिली पायरी: जागा कोणाची आणि डंप पुन्हा उचलला जाणार का

डंपवर फावडे मारण्यापूर्वी जमीन कोणाच्या नावावर आहे, ती वनक्षेत्रात येते का आणि डंपवर कोणाचा हक्क आहे, हे लेखी स्वरूपात मिळवावे. राज्याच्या खाण खात्याची परवानगी लागतेच आणि वनजमीन असल्यास वन खात्याचीही लागते. यातला व्यावहारिक मुद्दा असा की, ज्या काळात हे ढीग रचले गेले त्या काळी टाकाऊ ठरलेले कमी प्रतीचे खनिज आज विकले जाते. त्यामुळे अनेक जुने डंप पुन्हा हाताळले जाण्याची शक्यता असते. असा डंप असेल तर त्यावर कायमस्वरूपी टप्पे आणि लागवड यांवर खर्च न करता पायथ्याचा बांध, भोवतीचा चर आणि गाळतळी एवढ्यावरच भर द्यावा. कारण पायथ्याची ही कामे डंप उचलताना तर अधिकच उपयोगी पडतात.

खाण चालवणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी आहे, हेही विसरू नये. खनिज संवर्धन आणि विकास नियम, २०१७ नुसार प्रत्येक खाणीला टप्प्याटप्प्याचा व अंतिम असे खाणबंदी आराखडे द्यावे लागतात आणि त्यांना मान्यता देण्याचे काम नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडे आहे. संबंधित खाणीचा मंजूर आराखडा माहितीच्या अधिकारात मागवून घ्यावा. त्यात डंपची मूळ उंची, टप्प्यांची संख्या, चरांची जागा यांचे नकाशे असतात आणि प्रत्यक्ष जागेशी ते ताडून पाहिले की राहिलेले काम आपोआप समोर येते. २०१५ च्या कायदादुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी पर्यावरण रक्षण व प्रदूषण नियंत्रणाच्या कामांसाठी वापरता येतो. पंचायतीने प्रस्ताव पाठवताना खालील पायऱ्यांप्रमाणे कामांची विभागणी केली, तर अंदाजपत्रक करणे सोपे जाते.

दुसरी पायरी: भर पावसात पाहणी

डंपची पाहणी उन्हाळ्यात करून भागत नाही. जुलैमध्ये मोठी सर पडून गेल्यावर तासाभरात सुरक्षित अंतरावरून डंपभोवती फिरावे आणि तीन गोष्टी नकाशावर उतरवाव्यात: वरच्या डोंगराचे पाणी डंपवर कुठून चढते, डंपवरचे पाणी कुठे एकत्र होऊन ओघळ पाडते आणि पायथ्याला पाणी कुठे झिरपते. पायथ्याशी नवा झरा फुटलेला दिसला, माथ्यावर कडेला समांतर भेग दिसली किंवा उताराचा मधला भाग फुगलेला दिसला, तर तो घसरणीचा इशारा समजावा आणि भूतंत्र अभियंत्याने स्थिरतेची तपासणी करेपर्यंत खालच्या बाजूला कोणालाही काम करू देऊ नये. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकून त्यांच्यातील अंतर रोज टेपने मोजून वहीत लिहावे. अंतर वाढत असल्याचे दिसताच खालची घरे व शेते यांना सूचना देता येते.

याच फेरीत ओघळाचे पाणी काचेच्या उभ्या बाटलीत भरून आणावे आणि ती बाटली न हलवता ठेवावी. वाळू पाहता पाहता तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो, पण वरचे पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही लालसर गढूळच राहते. गोव्याच्या खाणींत खनिजासोबत फिलाइट नावाच्या खडकापासून झालेल्या गुलाबी-पांढरट चिकणमातीचे जाड थर निघतात आणि तिचे कण इतके बारीक असतात की दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला सुमारे तीन दिवस घेतो. एक दशांश मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी दोन मिनिटेही लागत नाहीत. बाटलीतील गढूळपणा किती दिवस टिकतो यावरून डंपमध्ये चिकणमातीचे प्रमाण किती, हे कळते आणि पुढच्या सगळ्या कामाचा जोर कुठे ठेवायचा तेही ठरते.

मातीचे नमुने माथा, मध्य आणि पायथा अशा तीन ठिकाणांहून घेऊन सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद व पालाश यांची तपासणी करावी. गोव्यातील लोहखनिज ऑक्साइड स्वरूपाचे असल्याने आम्लयुक्त पाणी पाझरण्याची समस्या इथे सहसा मोठी नसते. चंद्रपूर-वणीकडील कोळसा खाणींवर हेच काम करायचे असेल, तर गंधकयुक्त खनिजांची आणि ढीग आपोआप पेटण्याच्या शक्यतेची तपासणी आधी करावी लागेल.

तिसरी पायरी: वरचे पाणी वरच वळवणे

महाराष्ट्रात पाणलोटाचे काम केलेल्या माणसाच्या हातात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे सूत्र मुरलेले असते. डंपच्या बाबतीत ते बाजूला ठेवावे लागते. नैसर्गिक डोंगरावर सलग समतल चर खणले की पाणी मुरते आणि झरे जिवंत होतात. सैल रचलेल्या ढिगावर तेच चर खणले तर पाणी ढिगाच्या पोटात शिरते, चिकणमाती फुगते, तिची पकड सुटते आणि ढीग खाली सरकतो. म्हणून डंपच्या उतारावर पाणी मुरवणारे चर मुळीच खणू नयेत. इथे पाणी हळूहळू, ठरलेल्या वाटेने, माती न उचलता खाली नेणे एवढेच काम असते.

डंपच्या वरच्या अंगाला मूळ घट्ट जमिनीत वळण चर घ्यावा आणि तो दोन्ही बाजूंनी फिरवून नैसर्गिक ओहोळापर्यंत न्यावा. त्याचा आकार अंदाजाने ठरवू नये. उदाहरणार्थ, चराकडे येणारे क्षेत्र दोन हेक्टर असेल, तासाला १०० मिलिमीटर या तीव्रतेचा पाऊस धरला आणि त्यातील ७० टक्के पाणी वाहून येते असे मानले, तर सेकंदाला सुमारे ०.३९ घनमीटर पाणी येईल. खाणींच्या पर्यावरण परवानग्यांत अशा चरांची क्षमता कमाल प्रवाहापेक्षा ५० टक्क्यांनी जास्त ठेवण्याची अट सहसा असते; त्या हिशेबाने ०.५८ घनमीटर धरावे. तळाची रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ६० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना एकास एक उतार असा चर घेतला, तर पाण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास राहतो. इतका वेग घट्ट जांभ्या मुरुमाला सोसतो. जिथे उतार वाढतो तिथे मात्र दगडी अस्तर हवेच.

चर तीव्र उतारावरून जात असेल तेथे अनघड दगडी बांध घालावेत. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत येतील अशा अंतरावर ते बसवावेत. ६० सेंटिमीटर उंचीचे बांध पाच टक्के उताराच्या चरात १२ मीटरवर येतात. बांधाचा मध्य कडांपेक्षा खाली ठेवावा, अन्यथा पाणी बाजूने वाट काढते आणि पहिल्याच पुरात बांध एका अंगाने उघडा पडतो.

चौथी पायरी: उताराला टप्पे

डंपरमधून ओतलेली माती साधारण ३७ अंशांच्या कोनात उभी राहते. त्या कोनात ती उन्हाळ्यात टिकते, पण पावसात टिकेलच असे नाही आणि त्यावर गवतही नीट धरत नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे एक मीटर उंचीमागे जवळजवळ १.९ मीटर आडवे अंतर मिळावे, अशा रीतीने टप्पे पाडावेत. टप्प्याची उंची पाच मीटरपर्यंत ठेवली तर देखभाल सोपी होते. टप्प्याची सपाटी तीन ते पाच मीटर रुंद असावी आणि तिचा उतार बाहेरच्या कडेकडे न ठेवता आतल्या अंगाला दोन-तीन टक्के द्यावा. आत जमलेले पाणी लांबीच्या दिशेने हलक्या ढाळाने दगडी अस्तराच्या उतरणीपर्यंत न्यावे. माथ्यावरही हीच रीत पाळावी: कडेला ६० सेंटिमीटरचा मातीचा बांध आणि सपाटीचा ढाळ आतल्या बाजूला.

बहुतेक डंपचा पायथा शेताला किंवा रस्त्याला टेकलेला असल्याने पायथा पुढे सरकवून उतार कमी करण्याची सोय नसते. अशा वेळी माती वरून काढावी आणि शक्य असेल तर ती जवळच्या रिकाम्या खड्ड्यात परत भरावी. यंत्र नेहमी माथ्याकडून खाली काम करत यावे. पायथा कापून वरचा भार लोंबकळत ठेवणे जिवावर बेतते. हे सारे मातीकाम फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत उरकावे. जूनच्या तोंडावर अर्धवट उघडी पडलेली ताजी माती ही न हात लावलेल्या जुन्या डंपपेक्षा अधिक गाळ सोडते, म्हणून पूर्ण होणार नसेल तो टप्पा त्या वर्षी सुरूच करू नये.

पाचवी पायरी: पायथ्याचा बांध आणि गाळतळी

पायथ्याला सिमेंटची बंद भिंत बांधण्यापेक्षा तारेच्या जाळीत दगड भरलेला गॅबियन बांध चांगला, कारण तो पाणी सोडतो, माती धरतो आणि जमीन थोडी बसली तरी तडकत नाही. पाया डंपच्या मातीवर न घेता मूळ जमिनीत घ्यावा. बांधाच्या आतल्या अंगाला गाळण कापड लावणे अनेकदा पैसे वाचवण्यासाठी टाळले जाते. कापडाशिवाय दगडांच्या फटींतून बारीक माती निघून जाते आणि बांध नुसता शोभेचा उरतो.

बांधाबाहेरचा चर गाळतळ्यात सोडावा. तळ्याची लांबी रुंदीच्या किमान तिप्पट असावी, पाणी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाच्या दगडी सांडीवरून जावे आणि एका मोठ्या तळ्याऐवजी दोन-तीन तळी साखळीने घ्यावीत. येथे वरच्या उदाहरणातील हिशेब पुढे नेऊन पाहावा. ०.३९ घनमीटर प्रवाहातील २० मायक्रॉनचा पोयटा बसवण्यासाठी सुमारे १,१०० चौरस मीटर पाण्याची पृष्ठभाग लागते. तेवढ्याच प्रवाहातील दोन मायक्रॉनची चिकणमाती बसवायची झाली तर हीच गरज शंभरपट, म्हणजे जवळजवळ ११ हेक्टरवर जाते. दोन हेक्टरच्या क्षेत्रासाठी ११ हेक्टरचे तळे कोणीही बांधू शकणार नाही. गाळतळी असूनही ओहोळ लाल का वाहतो, या गावोगावच्या तक्रारीचे उत्तर या हिशेबात आहे. चिकणमाती तळ्यात पकडता येत नाही. ती डंपवरून सुटूच नये यासाठी उतार झाकणे, हा तिच्यावरचा एकमेव परवडणारा उपाय आहे.

सहावी पायरी: गवताचे पांघरूण

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारला निर्देश दिला की, खाणकाम संपल्यावर ती जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य होईल अशा रीतीने तिच्यावर पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी. धूपनियंत्रणाच्या दृष्टीनेही गवताचाच मान पहिला आहे. पावसाचा थेंब उघड्या चिकणमातीवर आदळतो तेव्हा कण सुटतात आणि पृष्ठभागावर पापुद्रा धरतो, त्यामुळे पाणी अधिकच वेगाने वाहते. जमिनीलगत पसरलेले गवत थेंबाचा मार स्वतःवर घेते.

गुलाबी चिकणमाती उघडी असेल तिथे तिच्यावर जांभ्या मुरुमाचा किंवा जपून ठेवलेल्या वरच्या मातीचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर द्यावा. त्यावर कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे, कारण खोलातून निघालेल्या या मातीत सेंद्रिय कर्ब नसल्यातच जमा असतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विदर्भात गुमगावसारख्या मँगनीज खाणींच्या ढिगांवर साखर कारखान्यांतील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी यांचा एकत्रित वापर करून झाडे वाढवली आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे प्रेसमड सहज मिळतो. गोव्यात आणि सिंधुदुर्गात शेणखत, नारळाच्या काथ्याचा कुजवलेला भुसा आणि गिरीपुष्पाचा पाला हे अधिक हाताशी आहेत.

उतारावर काथ्याची विणलेली जाळी अंथरावी. माथ्याशी ३० सेंटिमीटर खोल व तितकाच रुंद चर खणून जाळीचे टोक त्यात गाडावे, पट्ट्या वरून खाली सोडाव्यात, शेजारच्या पट्ट्या १५ सेंटिमीटर एकमेकींवर घ्याव्यात आणि दर मीटरला लोखंडी किंवा बांबूची खुंटी ठोकावी. जाळी मातीला सर्वत्र चिकटलेली हवी. ती ताणून उंचवट्यांवर तरंगत ठेवली, तर पाणी तिच्याखालून ओघळ पाडते आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजून जातो आणि तेवढ्या काळात गवताने जम धरणे अपेक्षित असते.

समतल रेषांवर वाळ्याच्या ओळी लावाव्यात. रेषा आखायला ए आकाराची लाकडी चौकट किंवा पाण्याची नळी पुरते. दोन ओळींत एक ते दीड मीटर उभे अंतर ठेवावे आणि ओळीत दर १०-१५ सेंटिमीटरला एक ठोंब लावावा, म्हणजे १०० मीटरच्या ओळीला साधारण ८०० ठोंब लागतात. ओळीत एक हात जरी मोकळा राहिला तरी सगळे पाणी तिथूनच उतरते, त्यामुळे तुटक लावलेल्या चार ओळींपेक्षा सलग लावलेली एक ओळ अधिक काम करते. वाळ्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जातात. रोपे फेब्रुवारी-मार्चमध्येच पिशव्यांत तयार करून पहिल्या सरींबरोबर लावावीत, म्हणजे जुलैच्या जोराच्या पावसाआधी ती मूळ धरतात. ओळींच्या मधल्या जागेत स्टायलो, धैंचा, चवळी आणि स्थानिक गवतांचे बी टाकावे.

सातवी पायरी: झाडे

गोव्यातील डंपवर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती भराभर वाढते, निकृष्ट मातीतही जगते आणि दुरून डंप हिरवा दिसतो. परंतु तिच्या राईत जाऊन पालापाचोळा हाताने बाजूला सारला, तर कित्येक ठिकाणी खाली उघडी माती आणि बोटभर खोल ओघळ सापडतात, कारण तिचा पाचोळा लवकर कुजत नाही आणि सावलीत गवत टिकत नाही. जिथे ती आधीच आहे तिथे सरसकट तोड करू नये. दरवर्षी थोडी विरळणी करून मोकळ्या जागी स्थानिक झाडे घ्यावीत.

नव्या लागवडीत टप्प्यांच्या सपाटीवर करंज, शिवण, खैर, आवळा, आईन, किंदळ अशी झाडे आणि माणगा बांबू, तर उतारावर धायटी, कुडा यांसारखी झुडपे योग्य ठरतात. तीव्र उतारावर उंच वाढणारी झाडे लावू नयेत. वादळात ती हलली की मुळांसकट माती सोडवतात. खड्डे टप्प्याच्या आतल्या अंगाला घ्यावेत, बाहेरच्या कडेला घेऊ नयेत. सांखळीच्या जुन्या खाणीवर बांबू व मिश्र झाडांची लागवड आणि खड्ड्याच्या पाण्यात मत्स्यपालन करून दाखवले गेले आहे. काम हाती घेण्यापूर्वी गटाने तेथे परवानगीने एक फेरी मारावी.

आठवी पायरी: खड्डा आणि खालची शेती

खड्डा भूजलपातळीच्या खाली गेलेला असेल तर पंप बंद होताच तो भरू लागतो. भरत्या पाण्याने भिजलेले कडे ढासळतात, म्हणून कड्यापासून मागे सरकून दोन मीटर उंचीचे कुंपण आणि मातीचा बांध घालावा, एका बाजूला माणूस व जनावर बाहेर येऊ शकेल असा सौम्य उतार ठेवावा आणि पाणी कोणत्या पातळीला कुठून बाहेर पडेल ती सांड दगडात बांधून ठेवावी. ज्या गावांच्या विहिरी खाणीमुळे आटल्या, त्या गावांना हे पाणी वायंगणी (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) शेतीसाठी देता येते; त्यापूर्वी लोह, मँगनीज आणि गढूळपणा यांची तपासणी करून घ्यावी.

शेतातील गाळ काढण्याचे काम डंपचा पायथा बंद झाल्यावरच हाती घ्यावे, नाहीतर काढलेला गाळ एका पावसात परत येतो. बोटा-दोन बोटांचा थर सेंद्रिय खतासह नांगरून मिसळता येतो. त्याहून जाड थर खरवडून उचलावा आणि गॅबियन बांधाच्या मागे टाकावा. ओहोळाच्या काठावर कधीही टाकू नये. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीत, पोयीतला (दारांजवळच्या तळ्यातला) गाळ आणि मानशीच्या, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आवरणाऱ्या, दारांशी साचलेला गाळ सर्वांत आधी काढावा, कारण दारे नीट लागली नाहीत तर गाळाबरोबर खारे पाणीही शेतात शिरते.

देखभाल: तीन पावसाळे

पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर फेरी हवी. बोटभर ओघळ दिसला की त्याच दिवशी त्यात फांद्यांची जुडी आडवी खुंटून माती भरावी. पुढच्या सरीपर्यंत तो हातभर होतो. वाळ्यातील खाडे जुलै संपण्यापूर्वी भरावेत. ऑक्टोबरनंतर रानमोडी हे तण उपटावे, जानेवारीत जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढावी आणि निदान दोन वर्षे गुरे-शेळ्या आत सोडू नयेत, त्याऐवजी गवत कापून न्यायला मुभा द्यावी, म्हणजे राखण करण्यात गावाचाही वाटा राहतो. गाळतळे अर्धे भरले की उपसावे आणि उपसलेल्या गाळाची मापे तारखेसह नोंदवावीत. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच सांडीवर भरलेल्या बाटलीचा गढूळपणाही त्याच वहीत लिहावा. गाळाचे माप लागोपाठ दोन पावसाळे नगण्य राहिले आणि बाटली एका दिवसात निवळू लागली, तरच सर्वांत खालचे तळे बुजवण्याचा विचार करावा. वळण चर आणि पायथ्याचा बांध मात्र डंप उभा आहे तोवर राखावे लागतात, म्हणून त्यांच्या वार्षिक सफाईचा खर्च पंचायतीच्या अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासूनच स्वतंत्र ओळीत दाखवावा.